सहा मैत्रिणी, एक गोधडी आणि वाईतले अडीच दिवस

पहिल्या वर्षी आम्ही प्रत्येकीने आपापलं काम नेलं होतं. एकीचं क्रोशाचं तोरण, एकीचं वारली, एकीचं क्विलिंग, आणि माझा २००९ सालापासून अर्धा पडलेला टेबलक्लॉथ. शनिवारी दुपारपर्यंत सहा जणी सहा कोपऱ्यांत माना खाली घालून बसलेल्या. मधूनच कुणी विचारायचं, "तुझं कुठवर आलं गं?" समोरून उत्तर यायचं, "थांब, घरं मोजतेय." रविवारी निघताना सहाही कामं अर्धवट होती आणि गप्पाही. टेबलक्लॉथ अजून त्याच पिशवीत आहे.

दुसऱ्या वर्षी सगळ्यांनी मिळून एकच गोधडी शिवली. पाच फूट बाय सात फूट. रविवारी जेवायच्या आत पुरी झाली. तेव्हापासून दर जानेवारीत एक, अशा आता तीन झाल्या. शाळेच्या, कॉलेजच्या, जुन्या ऑफिसच्या मैत्रिणींना घेऊन असं काही करायचं असेल तर आमच्या चुकांसकट सगळी पद्धत इथे देते.

काम कुठलं निवडायचं

हात चालू आणि तोंड मोकळं राहील असंच काम घ्या. टाके मोजावे लागतात ते सगळं बाद; म्हणजे क्रोशाचे गुंतागुंतीचे नमुने, कसूती, क्रॉसस्टिच. ही घरी, एकटीने, रेडिओ लावून करायची कामं. वाळायला वेळ लागतो तेही बाद. रेझिनला घट्ट व्हायला दिवसभर लागतो, वर त्याचा वास. मातीची भांडी भट्टीत घालण्याआधी पूर्ण वाळावी लागतात, तेवढ्यात तुमची सुट्टी संपते.

कारागिराकडून शिकायचीच हौस असेल तर सावंतवाडीला जा. तिथल्या चितारआळीत लाकडी खेळणी आहेत, राजवाड्यात गंजिफाचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचं, काम बघायला मिळतं. पण ती सहल वेगळी. तिथे आपण ऐकणाऱ्या असतो. आम्हाला बोलायचं होतं, १९८६ सालच्या दहावीपासूनचं साचलेलं.

गोधडीला लागतो फक्त धावदोरा, आणि तो चौथीतल्या मुलीलाही येतो. कुणाचा टाका बारीक, कुणाचा ढोबळ, कुणाचा वाकडा, ते सगळं तिच्यात खपून जातं. शिवाय सहा जणींना एकाच वस्तूभोवती बसावं लागतं, त्यामुळे आपोआप एकच गप्पा चालतात.

किती जणी, कधी

सहा हा आकडा हिशेबाला सोयीचा. पुढे चौकोनांचं गणित येईल तेव्हा कळेल. आठ जणी गोधडीभोवती मावत नाहीत, आणि चार असतील तर आकार लहान धरा.

तारीख दिवाळीनंतर आणि शिमग्याच्या आत. पावसाळ्यात जुनं सुती कापड दमट लागतं, त्याला कुबट वास येतो, आणि उन्हाळ्यात चार पदरी कापड मांडीवर घेऊन बसवत नाही. जानेवारीचा मधला आठवडा आम्हाला मानवला आहे. ग्रुपवर "कधी जमेल?" असं मोघम विचारू नका, उत्तरं मार्चपर्यंत येत राहतात. दोनच तारखा द्या आणि मत द्यायला तीन दिवस. जिला जमणार नाही तिच्यासाठी तारीख हलवायची नाही. हे कठोर वाटेल, पण पहिल्या वर्षी आम्ही चार वेळा तारीख हलवली, आणि जिच्यासाठी हलवली तीच शेवटी आली नाही.

पैसे सुरुवातीलाच गोळा करा, एकीकडेच. आमची बँकेतून निवृत्त झालेली मैत्रीण हे काम बघते आणि चहाच्या कपाचाही हिशेब ठेवते. आम्ही तिला हसतो, पण भांडण एकदाही झालेलं नाही.

जागा

आम्ही वाई धरली, कारण ती सगळ्यांना मधली पडते. पुण्याहून नव्वदेक किलोमीटर, खंबाटकी ओलांडली की आलंच. स्वारगेटहून थेट एसटी आहे. मुंबई-ठाण्याच्या मैत्रिणी पुण्यात येऊन आमच्या गाडीत बसतात. नाशिकवाली एक दिवस आधी माझ्याकडे मुक्कामाला येते, ते वेगळंच सुख.

गाव कुठलंही घ्या, पण घर ठरवताना नदीचं दृश्य, हुरड्याची सोय वगैरे नंतर विचारा. आधी हे विचारा: आठ फूट बाय दहा फूट मोकळी जमीन असलेली खोली आहे का? गोधडी पसरून तिच्या चारी बाजूंना माणूस बसेल एवढी जागा लागते. जमीन फरशीची हवी. शेणाने सारवलेली खोली फोटोत गोड दिसते, पण कापडाला डाग पडतात. उजेड कसा आहे? खिडकी कुठल्या दिशेला? संध्याकाळी पिवळा मंद दिवा लावून "वातावरण" करणारी घरं असतात, तिथे सुईत दोरा ओवला जात नाही. ट्यूबलाइट हवी, वीज गेली तर इन्व्हर्टर हवा. संडास कमोडचा आहे ना? गरम पाणी सकाळी किती वाजेपर्यंत? आणि खुर्च्या किती?

खुर्च्यांचं विशेष. आमच्यात दोघींचे गुडघे गेलेले. त्यांना जमिनीवर बसवत नाही. मग दोन लाकडी टेबलं जोडून गोधडीचा अर्धा भाग त्यांच्यावर, त्या खुर्चीत, बाकीच्या समोर बाजेवर, अशी बैठक जमवली. तुमच्यात कुणाचे गुडघे, कुणाची मान, हे आधी विचारून घ्या. ऐनवेळी कुणी "नाही, मी बसते की खाली" म्हणाली, तर ऐकू नका.

फोटोवर विश्वास ठेवू नका, फोनवर व्हिडिओ मागा, तोही त्याच आठवड्यातला. एका वर्षी आम्हाला दाखवलेला हॉल आम्ही पोचलो तेव्हा दुसऱ्याच मंडळींना दिलेला होता, आणि तिथे वाढदिवसाचे फुगे लागले होते. आम्ही व्हरांड्यात स्वेटर घालून शिवत बसलो. तेव्हापासून बुकिंगच्या वेळीच लिहून घेते: ही खोली शुक्रवारी चारपासून रविवारी तीनपर्यंत आमची.

जेवण घरमालकांकडूनच घ्या. "आपणच करू, मजा येईल" असं एक जण नक्की म्हणते. मग दोघी सबंध शनिवार ओट्याशी असतात. बायकांनी घराबाहेर जाऊन पुन्हा पोळ्याच लाटायच्या असतील तर बाहेर कशाला जायचं?

कापडाचं गणित

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा, कारण शनिवारी रात्री कापड कमी पडलं तर वाईत दुकान उघडं नसतं.

तयार गोधडी १५० सेंटिमीटर रुंद, २१० लांब. वरचा थर चौकोनांचा. शिवून झाल्यावर प्रत्येक चौकोन ३० सेंटिमीटरचा व्हायला हवा, म्हणून कापायचा ३२ बाय ३२ चा. चारी बाजूंना एकेक सेंटिमीटर शिवणीत जातो. रुंदीत ५, लांबीत ७, एकूण ३५ चौकोन. सहा जणींनी प्रत्येकी ६ आणले की होतात ३६. उरलेल्या एकाचं काय करायचं ते रविवारी सांगते.

चौकोन घरूनच कापून आणायचे. खोक्याच्या पुठ्ठ्याचा ३२ सेंटिमीटरचा नमुना मी सगळ्यांना आधी पोचवते. पहिल्यांदा फक्त माप कळवलं होतं, तर सहा जणींच्या सहा पट्ट्या निघाल्या. डोंबिवलीवालीचे चौकोन पाऊण सेंटिमीटरने लहान, आणि ती अजून म्हणते, "तुमचेच मोठे होते."

कापड फक्त सुती. जुनी इरकल, मऊ झालेली सुती साडी, नवऱ्याचे सदरे, परकर, उशीचे अभ्रे, सगळं चालेल. सिंथेटिक साडी कितीही सुंदर असली तरी नको. ती निसटते, सुई अडते, आणि पांघरल्यावर घाम येतो. ठिकठिकाणी विरलेलं, बोट घातलं तर आरपार जाईल असं कापड वरच्या थराला घेऊ नका, आत भराव्याला वापरा. नवं कापड असेल तर दोनदा धुऊन खळ काढा, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल.

लाल, निळा, गडद हिरवा अशा रंगांची परीक्षा घ्या. पांढरा रुमाल ओला करून त्या कापडावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. रुमालाला रंग लागला तर तो तुकडा बाद. मिठाचे, तुरटीचे उपाय सुचवणाऱ्या भेटतील. मी भरवसा ठेवत नाही. पस्तीस चौकोनांपैकी एकाने रंग सोडला की चौतीस जणांचं नुकसान.

पाठीला एक नऊवारी. ती साधारण सव्वाआठ मीटर असते. भराव्याला दोन सहावारी, साडेपाच मीटरच्या. प्रत्येकीचे सव्वादोन मीटर लांबीचे दोन तुकडे काढायचे आणि शेजारी शेजारी ठेवायचे. आतल्या थरात दुमड घालून जोड देऊ नका. तिथे उंचवटा होतो आणि सुई अडते. कडेला कड टेकवून सैल टाके घातले की पुरे.

आता महत्त्वाचं: काठ आधी काढा, तुकडे नंतर पाडा. काठ घट्ट विणलेला असतो, चार थरांत आला तर सुई मोडते. तो टाकायचा मात्र नाही. गोधडीचा घेर सात मीटर वीस सेंटिमीटर होतो आणि नऊवारीचा एक सलग काठ सव्वाआठ मीटरचा, म्हणजे कोपरे धरूनही चारी बाजूंच्या गोटाला, कडेभोवतीच्या पट्टीला, पुरतो. तुकडे आधी पाडलेत तर हा सलग काठ हातचा जातो. जरीचा काठ गोटाला नको, हनुवटीला टोचतो.

एक नियम आम्ही अनुभवाने केला: जे कापवणार नाही ते आणायचं नाही. नाशिकवालीने दुसऱ्या वर्षी आईचं लुगडं आणलं होतं, जांभळं, धुऊन धुऊन वांग्याच्या सालीसारखं झालेलं. पाठीला तेच घ्यायचं ठरलं होतं, तिनेच ठरवलं होतं. काठ तिने कात्रीने नीट काढला. मग आडवं कापायची वेळ आली तेव्हा कात्री उघडी धरून बसून राहिली. कुणी काही बोलेना. शेवटी आमच्यातली एक म्हणाली, "कापू नकोस. फाड. आई फाडायचीच ना?" सुती कापडाला कडेशी एक खाच दिली की ते धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जातं, कात्रीपेक्षा सरळ. तिने खाच दिली, दोन्ही हातांनी धरलं आणि एका दमात टर्रकन फाडलं. मग नाक पुसून म्हणाली, "दुसरा तुकडा कोण धरतंय?"

लुगडं छान लागलं. पण ते धाडस सगळ्यांना जमतंच असं नाही, म्हणून नियम.

बाकीचं सामान

दोरा सुती आणि पक्क्या रंगाचा, दीडशे ते दोनशे मीटर. भरतकामाच्या लड्या आणू नका. एक लडी आठ मीटरची असते, सहा पदर तसेच वापरले तर वीस लड्या लागतील. जरा जाड शिलाईचा किंवा हातशिलाईचा दोरा पेठेत रिळावर मिळतो, तो घ्या. एकच रंग ठरवा. आमचा पांढरा असतो.

सुया सात नंबरच्या, लांब डोळ्याच्या. सुईचा नंबर वाढतो तशी ती बारीक होते, त्यामुळे दहा नंबरची घेतलीत तर चार थरांत वाकेल. दाभण मात्र नको, ते पोत्यासाठी. बोटात घालायची दोन अंगुस्तानं तरी हवीत. "मला सवय नाही" म्हणणाऱ्या शनिवारी संध्याकाळी मधलं बोट चोखत असतात.

शिवाय एक हलकं शिलाई मशीन, इस्त्री, मोठी आणि छोटी कात्री, टाचण्या, शिंप्याचा खडू, चिकटपट्टी, लोहचुंबक, आणि प्रत्येकीचा वाचायचा चष्मा. चष्मा यादीत लिहाच. एका वर्षी दोघी एकच चष्मा आळीपाळीने वापरत होत्या.

सुया मोजून काढा, मोजून परत ठेवा. आमच्याकडे बारा असतात. रात्री अकरा भरल्या तर कुणी झोपत नाही. गोधडीत राहिलेली सुई पुढे कुणाच्या पाठीत जाईल सांगता येत नाही. चुंबक त्यासाठीच आहे. सबंध गोधडीवरून हळूहळू फिरवायचं.

शुक्रवार संध्याकाळ: मांडणी

चहा झाला की छत्तीस चौकोन जमिनीवर. पुढचे दोन तास सगळ्यांत मजेचे आणि सगळ्यांत भांडणाचे. प्रत्येकीला आपला तुकडा मधोमध हवा असतो. आमच्या डोळ्यांना रंग दिसतात, पण गोधडी दिसते ती फिकट-गडदामुळे. युक्ती अशी: मांडणीचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. गडद चौकोन एका बाजूला जमले असतील तर लगेच कळतं. फुलाफुलांचे दोन चौकोन शेजारी नकोत, त्यांच्यामध्ये एक साधा ठेवा.

किती वेळ घालायचा ते आधी ठरवा. आमच्याकडे साडेसातला घंटा. त्यानंतर कुणी चौकोनाला हात लावायचा नाही. मग प्रत्येक ओळीच्या कागदावर आकडा घालून, ओळीतले पाच चौकोन क्रमाने रचून टाचायचे.

जेवणानंतर मशीन. आधी सात आडव्या ओळी जोडायच्या, प्रत्येकीत चार छोट्या शिवणी. मग ओळींना ओळी, सहा लांब शिवणी. सगळी मिळून अठरा मीटरच्या आसपास शिलाई होते. एक शिवते, एक चौकोन हातात देते, एक इस्त्री करते. पहिल्या ओळीच्या शिवणी उजवीकडे दाबायच्या, दुसरीच्या डावीकडे, म्हणजे ओळी जोडताना कोपरे एकमेकांत बसतात आणि गोळा होत नाही. दीड तासात वरचा थर तयार. बाकीच्या तिघी झोपायला गेल्या तरी चालतं, पण जात नाहीत.

शनिवार: थर, गोट, धावदोरा

सकाळी पोटभर नाश्ता करून बसायचं. आधी पाठ. नऊवारीचे दोन तुकडे मशीनवर जोडून घेतलेले, उलटी बाजू वर, जमिनीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीने फरशीला चिकटवायच्या. ताठ, पण ताणलेलं नाही. त्यावर भराव्याचे दोन थर, प्रत्येक हाताने सारखा करत. दोन्ही थरांतल्या कडा एकमेकींवर येणार नाहीत अशा. सगळ्यांत वर चौकोनांचा थर, सुलटी बाजू वर. खालचे थर सगळीकडे पाच-सात सेंटिमीटर बाहेर असू देत.

आता कच्चा टाका. लांब लांब, बोटाएवढे. मध्यापासून सुरू करून कडेकडे जायचं, एकेक वीत अंतरावर उभ्या-आडव्या रेषा. हा टाका शेवटी काढून टाकायचा असल्यामुळे बायका तो उरकतात. उरकू नका. आपली गोधडी कडेकडून आत शिवत जायची असते. थर नीट पकडलेले नसतील तर सगळी ढिलाई मध्यावर गोळा होते आणि गोधडीला पोट सुटतं.

आणि चिकटपट्टीचा आळस करून सतरंजीवर टाचायला बसू नका. आम्ही बसलो होतो. दीड तास मन लावून टाचलं, उचलायला गेलो तर सतरंजीही उठली. घरमालकीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "राहू द्या ताई," म्हणाल्या, "उबदार होईल."

कच्चं झालं की बाहेर आलेले थर कापून सारखे करा आणि काढलेला काठ दुमडून कडेभोवती गोट म्हणून मशीनवर लावून घ्या. अर्धा वर, अर्धा खाली. कोपऱ्यावर काठाची तिरकी घडी घाला. जमली नाही तर तशीच दाबून वरून हाताने टाके घाला, कोपरा बघायला कुणी येत नाही.

मग बसायचं. दोघी-दोघी लांब बाजूंना, एकेक आखूड बाजूंना. गोटापासून दोन बोटं आत पहिली रेषा, तिच्यापासून दोन बोटं आत दुसरी, असं चौकोनात चौकोन मध्याकडे. खडूने पहिल्या तीन-चार रेषा आखून घ्या, पुढे डोळ्याला सवय होते. दोरा एका वेळी हातभर, फार तर पाऊण मीटर. लांब घेतला की गुंततो आणि झिजतो. गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून लपवायची. सुईवर चार-पाच टाके घ्यायचे, मग ओढायची. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, मधली मोकळी जागाही तेवढीच. दोरा आवळू नका. आवळला की सुरकुत्या पडतात. सैल ठेवला तर धुतल्यावर ज्या बारीक चुण्या येतात त्या हव्याच असतात.

प्रत्येक टाका चारही थरांतून गेला आहे ना हे डाव्या हाताचं बोट खाली ठेवून बघायचं. सुईचं टोक बोटाला किंचित लागलं पाहिजे. हे शिकवताना प्रत्येक वर्षी एक तरी जण "आई गं" म्हणते.

किती वेळ लागेल? दोन बोटं म्हणजे अडीच सेंटिमीटर धरलं तर तीस फेऱ्या होतात आणि एकूण शिवण सव्वाशे मीटरच्या आसपास भरते. आमच्यासारख्या मधल्या हाताच्या बाईचा वेग तासाला चार मीटर. म्हणजे सहा जणींना सव्वापाच तास. कागदावर. प्रत्यक्षात गोधडीचा मध्य हाताच्या टप्प्यात येत नाही. वीस-एक फेऱ्यांनंतर कडा गुंडाळून घ्याव्या लागतात आणि सहाऐवजी चौघी, मग दोघीच शिवू शकतात. त्यामुळे आठ तास धरा, आणि शनिवारी निम्म्याहून जास्त उरका.

पाऊण तासाला एकदा उठायचंच. गजर लावा. मान दुखली की रविवार गेला.

शिवता न येणारी किंवा हात थरथरणारी मैत्रीण असेल तर तिला "तू नुसती बस" म्हणू नका. तिच्याकडे सुया ओवण्याचं काम द्या. आमच्यातल्या एकीची बोटं संधिवाताने आखडली आहेत. सुया ओवायचं यंत्र तिच्यासमोर असतं, बारा सुया ओवून उशीत खोचलेल्या. शिवाय कुणाची रेषा भरकटली, कुणाचा चहा गार झाला, हे तीच सांगते. शाळेत ती मॉनिटर होती, आता पुन्हा झाली.

स्ट्रॉबेरीचं काय करायचं तेही सांगते. जानेवारीत वाईला गेल्यावर पाचगणी-महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी कुणीतरी आणणारच. खा, पण अंगणात, हात धुऊन आत या. दुसऱ्या गोधडीच्या तिसऱ्या ओळीतला गुलाबी ठिपका अजून आहे. तो कुणाचा, हे अजून कुणी कबूल केलेलं नाही.

साडेचारला सुया मोजून ठेवायच्या आणि मेणवलीला जायचं. वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट, आणि घाटावरच्या देवळापाशी टांगलेली ती मोठी घंटा. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधली ही इकडे आली. तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. सबंध दिवस दोन बोटांच्या रेषेकडे बघितल्यावर डोळ्यांना लांबचं पाणी बघायला मिळतं, त्यासाठी तरी जा. वाईच्या ढोल्या गणपतीला रविवारी सकाळी लवकर, गर्दीच्या आत.

रात्री ज्यांना जमेल त्यांनीच बसायचं. मोबाइल एका टोपलीत. घरून फोन येतात, "डबा कुठे आहे", "गॅसवाला आला". पहिल्या दोन फोननंतर मंडळींना डबा सापडतो.

रविवार: शेवटच्या फेऱ्या

सकाळी मधला भाग उरलेला असतो. दोघी समोरासमोर, बाकीच्या कच्चा टाका उसवायला लागतात. उसवलेला दोरा गोळा करा, नाहीतर घरमालकीणबाईंच्या केरसुणीत जातो आणि त्या पुढच्या वर्षी खोली देत नाहीत.

अगदी मध्यावर एक उभी रेष उरते. ती आम्ही सगळ्या मिळून शिवतो, प्रत्येकी पाच टाके, सुई हातोहात. मग चुंबक.

आणि तो छत्तिसावा चौकोन. त्यावर साल आणि सहा जणींची आद्याक्षरं धावदोऱ्याने काढून पाठीच्या कोपऱ्यात लावायचा. वेळ उरला नसेल तर नुसतं साल. काही राहून गेलं तर ते कोण घरी नेऊन पूर्ण करणार, हे गाडीत बसायच्या आधी ठरवा. "बघू" म्हटलं की माझ्या टेबलक्लॉथसारखं होतं.

पहिली धुलाई गार पाण्यात, हाताने, साध्या साबणाने. पिळू नका. चार थर ओले झाले की गोधडी फार जड होते, बादलीतून उचलायला दोघी लागतात. दोरीवर मध्येच लोंबकळत ठेवू नका, दोन दोऱ्यांवर पसरून सावलीत वाळवा, मग शेवटचा तासभर ऊन द्या.

गोधडी कुणाची, हे शुक्रवारी कापड पसरायच्या आधी ठरलेलं असावं. तिसरी आम्ही एकीच्या पहिल्या नातीला दिली, दुसरी चिठ्ठी टाकून बँकवालीला गेली. पहिली, जांभळ्या लुगड्याची, सगळ्यांची आहे: प्रत्येकीकडे दोन महिने, वर्षभरात फेरी पूर्ण. सध्या ती डोंबिवलीत आहे. माझ्याकडे मार्चच्या एक तारखेला यायची होती. फोन केला तर म्हणाली, "अगं, कालच धुवायला काढलीय." एप्रिलमध्ये केला तेव्हाही ती वाळतच होती.